मुन्शीची पोट्टी

तीन लॉ फर्मनी मला दुसऱ्या फेरीत नारळ दिला होता. पहिली फेरी मला कधी जड गेली नाही. तिथे कायदा विचारतात, आणि कायदा मी घोकून घोकून पाठ केला होता. दुसऱ्या फेरीत माणूस पाहतात. घरी कोण कोण, सुट्टीत कुठे जाता, वडील काय करतात. वडिलांचं नाव निघालं की मी विषय बदलायला बघायचे.

माझे बाबा मुन्शी आहेत. रायपूरच्या जिल्हा कोर्टात एका म्हाताऱ्या वकील साहेबांच्या फायली ते तीस वर्षांपासून सांभाळतात. तारखा लिहायच्या, कोर्ट फीची तिकिटं लावायची, बाबूच्या खिडकीशी उभं राहायचं, घाबरलेल्या अशिलाला पाणी द्यायचं. तिसऱ्या फर्ममध्ये मी हे खरं खरं सांगितलं होतं. समोरच्या माणसाला मुन्शी म्हणजे काय तेच कळेना. मी समजावत बसले, तो घड्याळ बघत बसला. संपला इंटरव्ह्यू.

म्हणून चौथ्या फर्मच्या फॉर्मवर, वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात, मी ‘अ‍ॅडव्होकेट’ लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं. लाज वाटली का? वाटली ना. पण शेवटचं वर्ष संपत आलं होतं, वर्गातल्या अर्ध्या पोरापोरींकडे ऑफर लेटर होतं आणि आमच्या कॉलेजात येणारी ही शेवटची फर्म होती. ही गेली की उरत होतं बाबांच्याच कोर्टातलं एखादं टेबल, आणि ओळखपाळख नसलेल्या नव्या वकिलाकडे तिथे कुत्रंही फिरकत नाही. मला ती नोकरी पाहिजे म्हणजे पाहिजेच होती. आई साधं ‘चहा घे’ म्हणाली तरी मी वसकन अंगावर जायचे. तिने बिचारीने देव पाण्यात ठेवले होते.

दुसरी फेरी व्हिडिओवर होती. आमचं घर गुढियारीत, रुळांना लागून. मालगाडीचे डबे जोडायला लागले की मांडणीवरची भांडी वाजतात. म्हणून समता कॉलनीत मावशीकडे जायचं ठरलं. मला नेण्यासाठी बाबांनी वकील साहेबांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली. माझ्या जन्माच्या वेळीही मागितली नव्हती, असं आई सांगते. पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, खिशाला पेन लावला. इंटरव्ह्यू कोणाचा होता, माझा की त्यांचा? मावशीला त्यांनी मिक्सर लावू नको म्हणून बजावलं आणि मधल्या दारावरच्या पडद्यापलीकडे खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं, तुम्ही जा ना आता. तर म्हणे, एखादा कागद-बिगद लागला तर? कोणता कागद लागणार होता, देव जाणे.

लॅपटॉपवर पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या, फर्मच्या सगळ्यात मोठ्या पार्टनर. माझा फॉर्म त्यांच्या हातात होता. वडील वकील आहेत तर कोणत्या प्रकारचं काम करतात, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, दिवाणी. इतकं सरळ निघालं तोंडातून की मला माझीच भीती वाटली. मग मी ऑफिसचं सांगितलं, जमिनीच्या जुन्या दाव्यांचं सांगितलं, गावाहून डबा बांधून येणाऱ्या अशिलांचं सांगितलं. सगळं खरं होतं. फक्त वकील साहेबांच्या खुर्चीवर मी बाबांना बसवलं होतं.

मग बाईंनी विचारलं, आज निकाल तुमच्या विरोधात लागलाय, अशील समोर रडतोय, तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?

निकाल वाचून अपिलाचे मुद्दे काढेन, हे पुस्तकातलं उत्तर. माझ्या आधीच्या सगळ्यांनी तेच दिलं असणार. माझ्या डोळ्यांपुढे मात्र नक्कल विभागाची खिडकी आली. मी म्हटलं, सगळ्यात आधी निकालाच्या नकलेचा अर्ज टाकेन, त्याच दिवशी, वकील जिना उतरायच्या आत. नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत, पण अर्जच उशिरा टाकला तर तो उशीर आपल्या बोडक्यावर. अर्जाची पावती फायलीत आतल्या बाजूने टाचायची, आणि मग अशिलाला चहा पाजायचा.

बाई मनापासून हसल्या. इतक्या मुलाखती घेतल्या, हे एकानेही सांगितलं नाही म्हणाल्या. कोणी शिकवलं?

“माझ्या वडिलांनी,” मी म्हटलं.

पलीकडे खुर्ची करकरली. बाबांना इंग्रजी बोलता येत नाही, पण तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला फादर आणि अ‍ॅडव्होकेट एवढं कळतंच. बाई म्हणाल्या, असं काम शिकवणारे वकील आता राहिले नाहीत, घरी असतील तर बोलवा, मला त्यांना नमस्कार करायचाय.

पडद्याखालून मला बाबांचे पाय दिसत होते. ते उभे राहिले होते. मी हाक मारते की काय, याची वाट बघत असतील. एका हाकेवर होते ते, आणि आले असते तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं.

“नाही मॅडम,” मी म्हटलं, “ते कोर्टात गेलेत.”

पाय परत खुर्चीखाली गेले.

परत येताना मी स्कूटरवर मागे बसून रडत होते. बाबांनी शिव्या घालाव्यात, निदान काहून असं केलं म्हणून विचारावं, एवढंच मला पाहिजे होतं. ते अंडरब्रिजमधले खड्डे चुकवत राहिले. घरासमोर मला उतरवलं, पण स्कूटर बंद केली नाही. सुट्टी तर कोर्ट सुटेपर्यंत होती. मी विचारलं, कुठे चालले?

“कोर्टात,” ते म्हणाले. “तूनं सांगतलं ना त्या बाईले, बाबा कोर्टात गेले म्हणून. मंग जा लागते ना बेटा.”

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी भांडले तरी असते.

आठवड्याने मेल आला. निवड झाली होती, फक्त फॉर्ममधल्या माहितीची फोनवर खात्री करणार होते. फॉर्मवर वडिलांचा नंबर मी बाबांचाच दिला होता. मेलचं आणि येणाऱ्या फोनचं त्यांना सांगितलं. फोनवर काय म्हणायचं ते सांगायला रोज तोंड उघडत होते आणि रोज मिटत होते.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा कोर्टात निघायच्या आधी पोहे खात होते, मी शेजारी बसले होते, आणि त्यांचा मोबाइल वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकर लावूनच बोलतात. फर्ममधून एक मुलगी बोलत होती. तिने हिंदीत विचारलं, अ‍ॅडव्होकेट साहेब बोलताहेत का?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताट खाली ठेवून ते उभे राहिले.

“वकील साहब तो कोर्ट गए हैं,” ते म्हणाले. “मैं उनका मुंशी बोल रहा हूँ.”

तिने विचारलं, किती वर्षांपासून आहात त्यांच्याकडे? बाबा म्हणाले, तीस. मग तिने विचारलं, साहेबांच्या मुलीला ओळखता?

“हव,” बाबा म्हणाले. “बचपन से.”

मोबाइल माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी हात पुढे केला नाही.