चंदरशेठच्या बेडरूममधला ब्रेक

बदलापूर गावातला चंदरशेठ माझा सख्खा शेजारी. गळ्यात बोटाएवढी चेन, दारात काळी गाडी, आणि वडिलांच्या शेतावर टॉवर उभा राहिल्यापासून मुक्काम चौथ्या मजल्यावर. असल्या माणसाला कमी कसली? ती त्याने एकदा मला गच्चीवर नेऊन सांगितली. नव्या घरात आल्यापासून नवराबायको पाठीला पाठ लावून झोपत होते. रंजनावहिनींना वाटायचं, ह्याचं बाहेर काहीतरी आहे. ह्याला वाटायचं, आपला कारभार आटोपला. कुणाला बोलू नको म्हणाला. म्हणून बोलत नाही, नुसतं लिहितोय.

आधी शेठने उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून चूर्ण आणलं. मग वांगणीच्या रानातलं कसलंसं मूळ दुधात उकळून प्यायला. फायदा झाला, पण पोटाला. एवढ्यात चूर्णाची बाटली वहिनींच्या हाती लागली. हे आपल्यासाठी नसणारच, असं ठरवून त्यांनी माहेरची बॅग भरली.

तेव्हा मीच दोघांना अंबरनाथला, नवराबायकोच्या असल्या तक्रारी बघणाऱ्या डॉक्टर हिमानींकडे नेलं. मी बाहेरच बसलो होतो. दार पातळ होतं, त्याला मी काय करणार? बाईंनी समजावलं की इच्छा मेंदूत तयार होते, आणि तिथे गाडीसारखा अ‍ॅक्सिलरेटर असतो तसा ब्रेकही असतो. काळजी, लाज, कुणी बघतंय ही भीती, सगळे ब्रेकच. पाय ब्रेकवर असताना रेस कितीही द्या, इंजिन नुसतं तापतं. तुमच्या खोलीत दडपण कशाचं येतं, असं त्यांनी विचारलं. शेठ म्हणाला, कशाचंच नाही, एसी आहे.

मग वहिनी म्हणाल्या, "पलंगासमोर मामंजींचा फोटो हाय. लायटिंगवाला. त्यांचे समोर मी कधी डोक्यावरचा पदर खाली परू दिला नाय, आन तुमी चूर्ण खाताव."

झालं होतं असं की इंटिरिअरवाल्याने हॉलमधल्या भिंतीवर फोटो शोभत नाही म्हणून कैलासवासी सासरेबुवांना बेडरूममध्ये पाठवलं होतं. शेठ विचारात पडला. बापासमोर त्याने कधी साधी सिगारेट पेटवली नव्हती.

आता अडचण शेठच्या आईची, ठमाबाईंची. नवऱ्याचा फोटो हलवायचा, तर त्यांना कारण काय सांगणार? नाही हलवला, तर वहिनींची बॅग दाराशी तयारच. सकाळी मी स्टूल धरलं, शेठने फोटो उतरवला, आणि म्हातारी दारात. भिंतीला ओल आलीय, असं शेठ चाचरत म्हणाला.

ठमाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओल कय नाय," त्या म्हणाल्या. "त्यांना माझे खोलीन आन. मना त्यांची लाज नाय."

बॅग माळ्यावर गेली. फोटो म्हातारीच्या खाटेसमोर लागला. शेठने लायटिंगची वायर जोडायला घेतली, तर ठमाबाईंनी त्याचा हात धरला.

"लाइट ऱ्हाऊ दे. काळोखच बरा."