गोरक्ष सरांचं रॅप

गोरक्ष सर वर्गात शिरले की आधी टेबल बडवायचे, मग हजेरी. शेजारच्या वर्गात मी कवितेतला करुणरस शिकवत असे आणि भिंतीपलीकडे बत्तीस पोरं विज्ञानाचं रॅप करत. मी मुख्याध्यापिका, किती वेळा समजावलं. ते टोपी उलटी फिरवून म्हणत, "बाई, फळ्यावरचं इसरत्यात पोरं, तोंडातलं न्हाई."

शेवगावच्या आमच्या शाळेत ते तासिका तत्त्वावर होते, म्हणजे दर जूनला नव्यानं नेमणूक. तरी तोरा असा, जणू संस्थाच यांची. एकदा दारातून ऐकलं, "हृदयाला कप्पे तीन, रक्त पळतंय रात्रंदिन." मी कपाळाला हात लावला.

"अहो सर, माणसाला कप्पे चार असतात. 'चार'ला 'फार' जुळतं, 'दार' जुळतं."

"ठेक्यात बसत न्हाई, बाई. चार हायेत, ठाऊक हाय मला. मागून तोंडी सांगतो की."

सांगितलंही. पण बोर्डाच्या पेपरात बत्तीसच्या बत्तीस जणांनी तीनच लिहिले, तेही 'रात्रंदिन'सकट. सामूहिक कॉपीचा संशय आला आणि सगळ्यांचा निकाल राखून ठेवला गेला. अकरावीचे प्रवेश तोंडावर आलेले, पालक माझ्या दारात. सरांचा इतका संताप आला की बोर्डाच्या सुनावणीला जाताना एसटीत मी त्यांना नगर येईपर्यंत झापलं.

सुनावणीत बोर्डाच्या साहेबांनी विचारलं, सगळ्यांचं उत्तर शब्दशः एक कसं? सरांनी टोपी काढली, साहेबांचंच टेबल बडवलं आणि अख्खं रॅप म्हणून दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब हसले नाहीत.

"चूक तुमची, असं लेखी द्याल? मग संस्था तुम्हाला ठेवेल असं वाटत नाही."

मी हळूच म्हटलं, "सर, विचार करा."

"कसला इचार, बाई? पोरांनी मी शिकवलं तेच लिव्हलं. शिकल्याची शिक्षा व्हय त्यांना?"

त्यांनी लिहून दिलं. साक्षीदार म्हणून मी सही केली. आठ दिवसांत निकाल लागला. एकेका मार्काला मुकून सगळी पास झाली.

जूनमध्ये संस्थेच्या बैठकीत सरांच्या नव्या नेमणुकीचा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. आता आपले वर्ग शांत होतील, असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू? वर्ग शांत झाले आहेत. आणि त्या शांततेची मला सरांच्या गोंगाटापेक्षा जास्त चीड येते.