माझ्या नंबरावरचं गाव

नौबादच्या बँकेतल्या साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि घरात कुणी वारल्याची बातमी द्यावी तसा आवाज खाली आणला. "तुमच्या नावावर फसवणुकीचा इशारा आहे. एका टोळीशी संबंध दाखवतोय."

टोळी! एवढ्या मोठ्या पदावर मी आयुष्यात कधी पोचलो नव्हतो. क्षणभर छातीही फुगली. मग साहेबांनी माझी कर्जाची फाईल मिटून बाजूला सरकवली आणि मी जमिनीवर आलो.

मन्नाएखेळ्ळीला हायवेवर माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. जागा भाड्याची. मालकानं ती विकायला काढली होती. मला म्हणाला, "युगादीपर्यंत थांबतो. तू घेतलीस तर तुला, न्हाई तर हुमनाबादचा एकजण टपून बसलाय." त्या जागेसाठीच कर्ज मागत होतो.

टोळीचा उलगडा झाला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे आतल्या गावांत मोबाइलला रेंज धरत नाही आणि टपाल कुठं पडून राहील याचा नेम नाही. म्हणून माणसं बँकेत, पीककर्जाला, गॅसच्या ऑफिसात, विम्याच्या कागदावर पत्ता माझ्या दुकानाचा देतात आणि नंबरही माझाच. मी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. खरं सांगू? मला ते फार आवडायचं. मेसेज आला की मी पायरीवर उभा राहून नाटकातल्या राजासारखा आधी कन्नडात वाचायचो, मग मराठीत अर्थ सांगायचो. "अक्का, अनुदान जमा झालंय! चहा पाजा!" संगणकानं मात्र त्यातून एवढंच काढलं, की एकच इसम वेगवेगळ्या नावांनी ठिकठिकाणी कर्ज उचलतोय.

इशारा काढायचा कुणी? बँक म्हणाली, नोंद ठेवणारी कंपनी काढेल. कंपनी म्हणाली, बँकेनं कळवलं तर काढू. कंपनीला फोन लावला की आधी बासरी वाजायची, मग 'तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे', मग पुन्हा बासरी. शेवटी एक मुलगी सापडली. हिंदीत म्हणाली, "सर, या सगळ्या नावांपैकी तुम्ही कोण?"

"मी पंपवाला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे पंपवाले न्हाईत. एक म्हशी राखते, एक देवळात असतो."

"म्हणजे हे तुमचे वेगवेगळे व्यवसाय आहेत?"

फोन ठेवला आणि पान्हा असा आपटला की समोरचा चहावाला विचारत आला, "काय तुटलं?"

महिनाभर असंच चाललं. अखेर साहेबच कंटाळले. म्हणाले, ती माणसं खरीच वेगळी आहेत हे दाखवा, मी वर लिहितो. मी टेम्पो सांगितला आणि सगळ्यांना घालून थेट नौबाद गाठलं. म्हशी राखणारी अक्का जरीकाठाचं लुगडं नेसून आली होती. कुणाच्या तरी शिदोरीतल्या शेंगांच्या चटणीचा वास बँकभर पसरला. साहेब खुर्चीतून उठले. "एवढे सगळे आत्ताच?"

"टोळी हाय साहेब, मिळूनच येणार."

आधार कार्डं तपासली, चेहरे जुळले. मी मनात पेढे वाटले. मग साहेब अक्काला म्हणाले, "आता तुमच्या नंबरवर ओटीपी येईल, तो सांगा."

माझ्या खिशात फोन वाजला.

पुढच्या माणसाचा पाठवला. पुन्हा माझाच खिसा. देवळातल्या अप्पांच्या वेळी साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता हात पुढे केला. मग टेबलावर डोकं टेकून म्हणाले, "प्रत्येकाचा वेगळा नंबर लावून आणा. एकाचाही राहिला तर इशारा निघणार नाही."

परतीच्या टेम्पोत माझी नुसती धुलाई झाली.

"कामून अण्णा, आमाला हाकलून द्यायलाव व्हय?" अक्कानं सुरुवात केली. "एवढी वर्सं आमचे मेसेज ओरडून ओरडून वाचलाव, तवा ग्वाड लागलं."

"आता मालक व्हायलेत ना," मागून कुणीतरी बोललं. "मालकाच्या दारात आमी कशाला?"

कुणी पोराचा नंबर दिला, कुणी जावयाचा, कुणी नवं सिम घेतलं. रोज एकाला घेऊन मी नौबादला. दुकानावर कुलूप, गिऱ्हाईकं दुसरीकडं. सगळे झाले, अप्पा तेवढे राहिले. ते रुसले होते. दुकानाकडे यायचेच बंद झाले. मी देवळात जाऊन त्यांच्यासमोर बसलो.

"अप्पा, जागा जाईल माझी."

"तुझी जागा जाईल म्हून माझा पत्ता काढायलास," ते म्हणाले. "माझी पेन्शन कुणाच्या दारात जाऊन इचारू?"

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच बोलले." अप्पांची पुतणी गुलबर्ग्याहून युगादीला येणार होती, शेवटी तिचा नंबर लावायला ते तयार झाले. पण तिच्याशी बोलल्याशिवाय सही करणार नाहीत.

युगादी आली. पुतणी आली, बेवू-बेल्ला म्हणजे कडुलिंब-गूळ खाल्ला, सही झाली. पण बँकेला सुट्टी. मालकाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "आणखी थोडं थांबा," म्हटलं. तो म्हणाला, "सणाच्या दिवशी हुमनाबादवाल्याचा बयाणा घेतलाय, आता कसा परत देऊ?"

इशारा निघाला तो त्यानंतर. हुमनाबादवाला टेप लावून माझ्याच दुकानाची रुंदी मोजत होता तेव्हा मेसेज आला, की आपली तक्रार समाधानकारकपणे सोडवली आहे, एक ते पाच यांतला आकडा पाठवून आपलं समाधान कळवा.

शून्य पाठवला. 'चुकीचा पर्याय' असं उत्तर आलं. पुन्हा शून्यच पाठवला. नवा मालक म्हणाला, "अण्णा, जरा टेपचं टोक धरा की."

धरलं.