न थांबलेली मिरवणूक

गोव्यात हॉटेलात कामाला असलेल्या आतेभावाने ती कॅसेट आणली तेव्हा मी आयटीआयला होतो. तिच्यात गायक नव्हता, शब्द नव्हते, अर्धा तास एकच ठोका. माझे वडील, आबा, जेवत होते, म्हणाले टेप अडकलीय, बघ जरा. मला जागचं हलता येईना. ठोका तोच होता, पण त्याच्याखाली सारखं काहीतरी नवं शिरत होतं आणि ते कधी शिरलं हे काही केल्या पकडता येत नव्हतं. याला हाऊस म्युझिक म्हणतात, असं आतेभाऊ म्हणाला. म्हणेनात का! एवढं मोठं काहीतरी जगात आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता, या विचाराने मी थक्क झालो होतो.

आयटीआय संपलं तरी मी नोकरीचं नाव काढेना. साउंडवाल्याकडे राबलो, गोव्याहून वापरलेले दोन सीडी प्लेअर आणवले आणि दोन वर्षं आतल्या खोलीत एका गाण्यातून दुसऱ्यात कसं जायचं हेच घोटत बसलो. आबा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत टर्नर होते. नाव पंचतारांकित असलं तरी घरी येताना त्यांच्या अंगाला ऑइलचाच वास यायचा. तिथे लेथवर माझ्यासाठी त्यांनी शब्द टाकला होता. शेवटी ते म्हणाले, ‘‘ह्या जयंतीला वाजीव. लोकांनी मान डोलावली तर तुझं तू बघ. न्हायतर सोमवारी माझ्यासंगं कामाला.’’

जयंतीची मिरवणूक शनिवारी दुपार कलल्यावर आमच्या विहारापासून निघाली. पुढे शिरोळचा उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीवर प्रतिमा, मागच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत आणि मी. खाली तो ठोका ठेवला आणि वर आमची नेहमीची जयंतीची गाणी सोडली. पहिलं गाणं संपायच्या आत त्याच ठोक्यावर दुसरं आलं, दुसऱ्यातून तिसरं. नाचणाऱ्यांना कळलंच नाही. कपाळावर आठ्या घालून चालणारी म्हातारी माणसंसुद्धा त्याच ठोक्यावर पाऊल टाकायला लागली. हे मी करतोय यावर माझाच विश्वास बसत नव्हता. इतका आनंद सहन होत नाही, अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणीच आलं.

आणि तिथेच मी माती खाल्ली. आमच्याकडे गाणं संपलं की ट्रॅक्टर थांबतो. ड्रायव्हरची पाठ मिरवणुकीकडे असते, त्याला दुसरी खूण नसते. तेवढ्यात त्या गल्लीतल्या बायका मेणबत्ती आणि फुलं घेऊन पुढे येतात, प्रतिमेला वाहतात आणि नवं गाणं लागलं की ट्रॅक्टर हलतो. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो. पण माझं गाणं संपतच नव्हतं. ट्रॅक्टर तीन गल्ल्या ओलांडून गेला आणि बायका ताटं सावरत मागून पळत राहिल्या. तिसरी गल्ली आमचीच होती.

चौकात विहाराचे अध्यक्ष ट्रॅक्टरसमोर आडवे उभे राहिले तेव्हा कुठे सगळं थांबलं. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, ‘‘गाणं थांबलं न्हाय तर मी कसा थांबू?’’ झाडून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. धापा टाकत पोचलेल्या आईने तर सगळ्यांदेखत विचारलं, आमी काय एसटीची वाट बघत हुबं हुतो व्हय?

एवढ्या गर्दीत ट्रॅक्टर मागे घेणं अशक्य. मग चौघांनी प्रतिमा खाली उतरवली आणि हातांवर घेऊन त्या तीन गल्ल्यांत नेली. मलाही बरोबर चालवलं. कुठलाही आवाज नव्हता. बायका एकेक करून पुढे आल्या, फुलं वाहिली, हात जोडले. एक म्हातारी कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली आणि कुणीही तिला घाई केली नाही. माझ्या अंगावर काटा आला. मघाशी स्पीकरच्या भिंतीपुढे आला होता त्याहून मोठा.

पुढे मी पुण्यात वाजवलं, गोव्यात वाजवलं, विमानात बसून बाहेरच्या देशांतही गेलो. ठोका तुटू न देणं हीच आमच्या धंद्यातली कला. तरी दर वेळी एका जागी मी ठोका पूर्ण काढून घेतो आणि समोरची गर्दी श्वास रोखून उभी राहते. लोक त्याला माझी शैली म्हणतात. मला त्या बायका दिसतात.

पण हे सगळं नंतरचं. शनिवारी मान डोलावणं दूरच, कुणी माझ्याशी धड बोललंही नाही. रविवारी मी प्लेअर खोक्यात बांधले. सोमवारी आबांच्या मागोमाग, डबा घेऊन, कंपनीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो.

‘‘तू कुठं निघालास?’’ आबांनी विचारलं.

म्हटलं, कामावर. तुम्हीच म्हणाला होता.

‘‘ती जागा गेली. सायबाला मी शुक्रवारीच सांगून आलतो, पोरगं येणार न्हाय म्हणून.’’

शुक्रवारी, म्हणजे मिरवणुकीच्या आदल्या दिवशी. मग लोकांनी मान डोलावली तर, असं का म्हणालात, एवढंच मी कसंबसं विचारलं.

बस वळणावर दिसत होती. आबांनी माझ्या हातातला डबा काढून आपल्या पिशवीत टाकला.

‘‘लोकांनी एक दिवस ऐकलं,’’ ते म्हणाले. ‘‘मी दोन वर्सं ऐकतोय की.’’