वहिनींची घड्याळं आणि डॉक्टरचा सर्व्हर

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. कॉम्प्युटरला नाडी नसते म्हणून, नाहीतर तीही धरून बसला असता. "कधीपासून होतंय? त्याआधी काय केलंत?" हे विचारल्याशिवाय तो माऊसला हात लावत नाही. आणि दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच: "काहीच नाही."

त्या दिवशी छापखान्याच्या मालकीणबाई, म्हणजे वहिनी, त्याही तेच म्हणाल्या. छपाईच्या फायली आतल्या खोलीतल्या जुन्या युनिक्स सर्व्हरवर. तो डॉक्टरनेच बसवलेला, पोटच्या पोरासारखा जपलेला. सकाळपासून तो वहिनींच्या विंडोज कॉम्प्युटरला दारात उभं करीना. बाकीच्यांचं मात्र सुरळीत.

"म्हातारा झालाय तो. सहाला माझा भाऊ नवीन घेऊन येतोय," वहिनी म्हणाल्या.

हा भाऊ याच धंद्यातला. छापखान्याचं काम त्याच्याकडे गेलं की डॉक्टरच्या वाट्याला काय, तर शेजाऱ्यांचे हरवलेले फोटो शोधणं.

त्याने वायर बदलली. पासवर्ड बदलला, पुन्हा बदलला. कॉम्प्युटरने साठवलेलं जुनं लॉगिनचं नाव पुसलं. विंडोज आपलं एकच तुणतुणं वाजवतंय, पासवर्ड चुकला. वायर चाचपताना टेबलाखाली डोकं आपटलं. वहिनींचे यजमान, म्हणजे मालक, वरून म्हणाले, "सर्व्हरचं डोकं ठीक आहे ना?"

"त्याचं आहे. माझं बघा."

वैतागून त्याने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, तर सहा वाजत आलेले. खिशातला फोन मात्र म्हणत होता, अजून अवकाश आहे. मग त्याने कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. ती भिंतीवरच्या घड्याळाच्या बाजूची.

"वहिनी, ही वेळ?"

"मीच पुढे केली काल. यांना उशिराची खोड, म्हणून घरातली, इथली सगळी घड्याळं पुढे असतात. हे एकच राहिलं होतं."

"आणि म्हणालात, काहीच केलं नाही."

"घड्याळ लावणं म्हणजे काही करणं झालं का?"

सर्व्हर वेळेचा कर्मठ. ज्याचं घड्याळ त्याच्याशी जुळत नाही, त्याला तो ओळखच देत नाही. आणि वेळ बदलायची मुभा वहिनींना दिली होती कोणी? डॉक्टरनेच, सारखं बोलावू नये म्हणून.

वेळ मागे घेताच फायली उघडल्या.

"पण उद्या मी परत पुढे करणार हं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर दात-ओठ खात आत गेला आणि त्याने सर्व्हरचंच घड्याळ पुढे केलं. त्याच्याकडूनच वेळ घेणारे बाकीचे कॉम्प्युटर मुकाट त्याच्यामागे गेले.

भाऊ खोकं घेऊन त्याच्या घड्याळाप्रमाणे बरोबर सहाला आला. वहिनींनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"उशीर केलास. झालं आमचं काम."