गंगी पॉलिसीत बसते, मग दादा का नाही?

"शालन, बसली गं, बसली!"

फोन उचलला तर आक्का नुसती ओरडत होती. मागे गाय हंबरत होती. काय बसली, कुठे बसली, मला काही पत्ता लागेना. "अगं, लस! पॉलिसीत बसली! आता तुज्या दादास्नी बोलायला तोंड न्हाई ऱ्हायलं!" इकडे कोपरगावात मी हातातलं लाटणं नाचवत ओरडले, "जिंकलीस गं आक्का!" दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला. "शालन, तुजी आक्का उठंना..." झोपेतच गेली. दीड महिना होत आला, पण माझ्या कानात अजून आदल्या संध्याकाळचाच फोन वाजतो.

आक्का माझी थोरली जाऊ आणि दादा तिचा नवरा. कोल्हारजवळ त्यांची शेती आणि गाई. सासूबाईंनी कितीही डोळे वटारले तरी मी आक्काला 'अगं'च म्हणायचे, इतकं आमचं गूळपीठ. दर थंडीत दादांची छाती भरायची आणि दवाखान्यात भरती ठरलेली. दूध संस्थेने सभासदांची आजारपणाची सामूहिक पॉलिसी काढलेली, दवाखान्याचं बिल त्यातून भागायचं. डॉक्टर म्हणाले, निमोनियाची लस टोचून घ्या. आक्का पदरचे पैसे घालायला तयार होती. पण दादा! "लागत असती तर इमावाल्यांनी दिली नसती व्हय? सरकार तान्ह्या पोरास्नी फुकट टोचतं. म्हाताऱ्यास्नी न्हाई टोचत, म्हंजी म्हाताऱ्याला गरज न्हाई!" घ्या! या वकिलीपुढे डॉक्टरांनीही हात टेकले. खरी गोष्ट अशी की दादांना सुईची भीती. गोठ्यात गंगी गाईला टोचायला डॉक्टर आले की दादा दोरी धरून तोंड फिरवायचे, डोळे गच्च मिटायचे, आणि आक्का गंगीची मान खाजवत म्हणायची, "झालं गं बये, झालं..." घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं मात्र कोणी नाही.

"गेल्या थंडीला वाचलं हे मानूस, दर साली न्हाई वाचायचं," आक्का मला म्हणाली. "पॉलिसीत न्हाई म्हनत्यात ना? मंग पॉलिसीतच घालती!"

संस्थेच्या वार्षिक सभेला मी मुद्दाम गेले. काय ती सभा! विमा कंपनीचे साहेब आले होते. आक्का पदर खोचून उभी राहिली आणि लस मागितली. साहेब समजुतीने म्हणाले, "मावशी, आजारी पडल्यावर पॉलिसी कामाला येते. आजार होऊ नये म्हणून जे करायचं, ते पॉलिसीत बसत नाही."

"मंग माजी गंगी कशी बसली?"

साहेबांनी विचारलं, "गंगी म्हणजे तुमची सून का?" सभा हसून फुटलीच! आक्का मात्र हसली नाही. "गाय हाय ती. तिचा इमा काढताना तुमीच इचारलं, कानात बिल्ला हाय का, लस टोचली का. सरकारचा डॉक्टर गोठ्यात यून फुकट टोचून गेला. गाईला आजार व्हऊ नये म्हनून येवढी काळजी, आन् तिची धार काढनारा मानूस आधी आडवा पडू द्यायचा?"

टाळ्या थांबेनात. पॉलिसीत लस आणि वर्षाची तपासणी घ्यावी, असा ठराव झाला. म्हाताऱ्यांना फुकट लस द्या म्हणून एक प्रत सरकारला गेली. सरकारचं उत्तर अजून यायचंय... कंपनीला मात्र आक्काने फोन करकरून भंडावून सोडलं, आणि कंपनी वाकली.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या आवारात लसीचं शिबिर झालं. मला एकच धाकधूक होती, दादा येतील का? आता धाक दाखवायला कोण होतं? पहिली एसटी धरून पोचले, तर दादा पांढरी टोपी घालून सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर! माझा आनंद गगनात मावेना. नर्सबाईंनी बाही वर केली. दादांनी तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले. आता उठून पळतात की काय म्हणून मी पुढे सरसावले. सुई टोचली आणि त्यांच्या तोंडून बारीक आवाज आला, "झालं गं बये, झालं..."

नर्सबाई हसल्या. "काका, मला म्हणताय का?"

दादांनी डोळे उघडले. मीच सांगितलं, "आमची आक्का म्हणायची असं. गाईला."

"गाईला न्हाई," दादा बाही खाली घेत म्हणाले. "मलाच म्हनायची ती."