बंदूक घेऊन आलूबोंडा खायला आलेला माणूस

धान भरत आलेल्या दिवसांतला तो बाजारवार मी काही विसरत नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच पुसट झाले. हे प्रकरण साधं होतं, पण ताजं आहे.

मी सातवी पास माणूस. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. लिहिण्यात कच्चा असेन, माणूस ओळखण्यात नाही. तेव्हा मी तुमसर तालुक्यातल्या एका चौकीवर होतो. हजेरी घेतली, बाजाराचा बंदोबस्त लावला, तेवढ्यात नाश्त्याच्या हॉटेलवाल्याचा फोन आला.

"जमादार साहेब, लवकर या! बंदूकवाला आत बसला आहे."

"काय मागून राहिला?"

"आलूबोंडा."

"मग दे ना!"

"देला साहेब. रस्सा बी देला. पण गिऱ्हाईक उठून पळून राहिले ना!"

दोन शिपाई घेऊन गेलो. आंबागडाच्या बाजूचा एक शेतकरी, सत्तरीच्या पुढचा बुढा, एकनळी बंदूक मांडीवर आडवी टाकून बोंडा खात होता. आजूबाजूची टेबलं रिकामी, मालक भट्टीच्या मागं. मी बंदूक मागितली. त्यानं आधी हात पुसले, बंदूक उघडून आत काडतूस नाही हे दाखवलं आणि मगच दिली. ज्याच्या मनात काळं असतं तो हात पुसत बसत नाही, हे मी तिथंच मनात धरलं.

विचारपूस केली. महिनाभर तो असाच येत होता. किराणावाला त्याला ओट्यावरच थांबवी आणि सामान बाहेर आणून देई. न्हाव्यानं उलट खुर्चीशेजारी बंदुकीला जागा करून दिली होती. म्हणे, "काकाजी आले का लोक पाहाले येतात, अन् दाढी करूनच जातात." हॉटेलवाला मात्र ठाम होता. "दुकान माझं आहे साहेब. मले नाही पाहिजे आत बंदूक."

त्याचं बरोबर होतं. परवाना पीकसंरक्षणाचा होता, बाजारात मिरवायचा नव्हता. मी अहवाल पाठवला असता तर परवाना रद्द झाला असता. इकडं शेताच्या बांधीत धान उभं आणि रानडुकरं रोजची. बुढ्यालाही ते कळत होतं.

चौकीत बसवून चहा दिला, मग विचारलं.

"घरी काहून नाही ठेवत?"

"नाही ठेवत."

"पेटी नाही?"

"आहे."

"कुलूप?"

"होतं."

त्या 'होतं'वर मी थांबलो. "तोडलं कोणी?"

बुढा भिंतीकडे पाहू लागला. दरडावलं, समजावलं. "लिवा तुमचा रिपोट," एवढंच म्हणाला.

पण हट्टात मी कोणाला ऐकणारा नाही. जीप काढली आणि म्हटलं, चला, पेटी दाखवा. हॉटेलवाला तक्रारदार म्हणून आपणहून सोबत चढला.

अंगणात बुढ्याची बायको, बुढी, बसली होती, जवळ शेजारीण. खाकी कपडे पाहताच बुढी उठली. "चोर आले! बंदूक कुठी आहे?" म्हणत आत धावली. मागोमाग गेलो. लाकडी पेटीची कडी उखडलेली, आणि बुढी दोन्ही हातांनी आतले कपडे उपसत होती. शेजारणीनं तिला धरलं.

"असंच करते साहेब. मुसळानं कडी तोडली. पोरगा सुटीवर आला जवाहरनगराहून, तं त्याच्यावरच धरली बंदूक. पोटच्या पोराले ओळखलं नाही."

"चूप बस!" बुढा शेजारणीवर ओरडला. मग मला बाजूला घेतलं. पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. "बाजारात नका सांगू साहेब. साऱ्या गावाच्या बाळंतपणाले जाणारी बाई आहे हे. हिले कोणी पागल म्हटलेलं मले नाही चालत. परवाना न्या वाटलं तं."

हॉटेलवाला इतका वेळ माझ्या पाठीमागं उभा होता, तो पुढं आला.

"काकाजी, तुमी उलटंच करून राहिले ना! बंदूक राहू द्या घरी कुलपात, अन् काकीले आणत जा बाजारात. काकीले पाहून माझं गिऱ्हाईक नाही पळत."

"लोक हासतीन."

"माझ्या हाटेलात? हासला त्याले ताटावरून उठवीन."

मी भिंतीत लोखंडी पेटी बसवून घ्यायला लावली, किल्ली बुढ्याच्या करदोड्याला. जबाब घेतला, लेखी समज दिली आणि प्रकरण तिथंच मिटवलं. वरून विचारणा झाली, तिला मी उत्तर दिलं.

पुढच्या बाजाराला मुद्दाम हॉटेलात गेलो. दोघं शेजारी बसले होते. बुढी मालकाला विचारत होती, "बापू, कोनाचा रे तू?" त्यानं बापाचं नाव सांगितलं. घास गिळून तिनं पुन्हा विचारलं. त्यानं कढईतला झारा न थांबवता पुन्हा सांगितलं, जसं पहिल्यांदाच सांगतो आहे.

हत्यार घेतलेला माणूस पकडला की मी एकच प्रश्न विचारत असे, कोणावर चालवणार होतास? त्या दिवसापासून मी आधी दुसराच विचारू लागलो. घरी कोण कोण आहे?